दिव्याची खोली

खुर्ची आली त्या दिवशी मास्तरांनी दुपारचा डबा न उघडताच घरी परत नेला.

लोखंडी खुर्ची होती. बसायच्या जागी, पाठीला, हातांवर, पाय टेकायच्या पट्टीवरसुद्धा बोटभर लांबीचे खिळे, टोकं वर. हमालांनी ती ट्रकमधून उतरवली आणि त्यांच्यामागून एक गुळगुळीत दाढीचा माणूस लाल रंगाची बाटली घेऊन आला. फिरत्या प्रदर्शनाचा तो मालक. मास्तरांनी त्याचं नाव विचारलंही नाही. मनातल्या मनात त्याला खुर्चीवाला म्हणून टाकलं. खुर्चीवाल्याने ब्रश बुडवून खिळ्यांच्या टोकांना रंग लावला, थोडा ओघळू दिला, मग मागे सरकून, तसबीर सरळ लागली का बघावं तसं मान तिरकी करून बघितलं. "जरा वाळू द्या," तो म्हणाला. "नाहीतर पब्लिकच्या कपड्यांना लागतो."

मास्तरांना शिसारी आली. रंगाची नाही, खिळ्यांचीही नाही. त्या मान तिरकी करण्याची.

चर्च जुनं होतं, दगडी, आणि आता बऱ्याच जागी गळत होतं. चर्चच्याच शाळेत मास्तरांनी सगळी हयात इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला चर्च दाखवायचं काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. उंच कमानीखाली उभं राहून ते सांगायचे की विद्यापीठं कुणी काढली, रोग्यांना धर्म न विचारता खाट कुणी दिली, दलदली उपसून शेतं कुणी केली, जुने ग्रंथ उतरवून काढता काढता कुणाचे डोळे गेले. पाश्चात्त्य संस्कृती म्हणून आज जे काही मिरवलं जातं ते कुणाच्या ओसरीत लहानाचं मोठं झालं, हे ऐकवताना त्यांचा आवाज चढायचा. चर्चने युरोपला अंधारात ठेवलं असं कुणी म्हणालं की त्यांच्या डोक्यात तिडीक जाई. आणि चर्चने कधी डाससुद्धा मारला नाही असं म्हणणारे भाविक भेटले की त्यांचाही त्यांना तेवढाच राग येई. स्वतःला ते सरळ माणूस समजत. "इन्क्विझिशन झालं, युरोपात आणि आपल्याकडेही. धर्माच्या नावाने लोकांच्या चौकश्या झाल्या. नाकारण्यात अर्थ नाही," असं ते प्रत्येक घोळक्याला सांगत. "पण," असं म्हणून ते श्वास घेत, आणि त्या 'पण'च्या पुढे बरंच लांबलचक भाषण असे.

खुर्ची ठेवली ती दिव्याच्या खोलीत. वेदीच्या मागच्या अरुंद बोळातून गेलं की ही खोली लागते. जाड भिंती, खिडकी नाही, एकामागे एक अशी दोन दारं. आत छताला एक भला थोरला लोखंडी हूक आणि त्याला साखळीने टांगलेला पितळी दिवा. खोलीला हे नाव मास्तरांनीच दिलेलं. त्यांनी चर्च दाखवायला सुरुवात केली तेव्हा नुसताच हूक होता. नुसता हूक बरा दिसेना, म्हणून त्यांनी वर्गणी काढून दिवा आणवला. दाराशी पाटी लावली. पहिल्या वर्षी ते लोकांना सांगत, "इथे पूर्वी मोठा दिवा असावा." पुढे कधीतरी 'असावा'चं 'होता' झालं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दोन दारं कशाला, असं कुणी विचारलं तर ते सांगत, गारवा टिकावा म्हणून.

"फादर, ही खुर्ची खोटी आहे," मास्तरांनी त्याच दुपारी सांगितलं. फादर त्यांचेच विद्यार्थी. शाळेत असताना चर्चने जगाला काय काय दिलं याची यादी न अडखळता म्हणायचे आणि मास्तर त्यांना हमखास पैकीच्या पैकी मार्क द्यायचे. "असल्या खुर्च्या नंतरच्या लोकांनी बनवल्या. जत्रेत दाखवायला. त्या काळात असलं काही नव्हतं. आपणच आपल्या अंगावर चिखल उडवून घ्यायचा?"

"मास्तर, छप्पर गळतंय," फादर म्हणाले.

"म्हणून खोटं दाखवायचं?"

"पाटीवर 'म्हणतात की' असं लिहिलंय. मी स्वतः घालायला लावलं. आणि लोकांना ते हवंच असतं. खिळे बघायला येतील, जाताना मेणबत्ती लावतील." फादरांनी हसून मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तिथे उभे राहा आणि खरं काय ते सांगा. दोन्ही गोष्टी होतील."

खांद्यावरचा हात मास्तरांना ओल्या फडक्यासारखा लागला. पण शेवटचं वाक्य त्यांनी धरून ठेवलं. त्याला कारण होतं.

कारण म्हणजे त्यांची भाची. बहिणीचा नवरा लवकर गेला तेव्हा बहीण पोर घेऊन भावाकडे आली ती राहिलीच. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. भाचीला त्यांनीच अंकगणित शिकवलं, सायकल शिकवली, मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेची, उत्तरं शिकवली. कॉलेजात गेल्यावर एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मामा, ज्यांनी माणसं जाळली त्यांच्यापुढे मी गुडघे टेकणार नाही." मास्तरांनी घास खाली ठेवून 'पण'पासून सुरुवात केली. भाषण संपेपर्यंत पोरगी उठून गेली होती. त्यानंतर ती घरी येई, आईला औषधं आणून देई, मामाशी क्रिकेटवर बोले, पण चर्चची पायरी तिने चढली नाही. आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, तिला बाळ झालं होतं, आणि बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. बहीण रोज संध्याकाळी माळ जपताना रडायची. मास्तर रडत नसत. ते नुसते बाळाकडे बघत, आणि बाळ झोपलं की कुणी बघत नाहीसं पाहून त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढत.

खुर्चीच्या जाहिराती लागल्या त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"अभिनंदन, मामा. शेवटी कबूल केलंस म्हणायचं."

"खोटी आहे ती."

"हो का? तुझ्याकडचं वाईट तेवढं नेहमी खोटं असतं."

"ये रविवारी. डोळ्यांनी बघ. मी सिद्ध करून दाखवतो. नाही केलं तर परत कधी तुझ्यापुढे तोंड उघडणार नाही."

पलीकडे बाळ किरकिरत होतं. तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला. "आणि केलंस तर?"

"तर आईशी बाप्तिस्म्याचं बोल."

तिने बाळाला आणखी थोडं थोपटलं. मग म्हणाली, "बघू. येते रविवारी." मास्तरांना एवढं पुष्कळ झालं. त्या रात्री बहिणीने पिशवी धुवायला घेतली तेव्हाही ते हसत होते. डब्याच्या कापडी पिशवीच्या बंदावर गंजाचा तांबडा डाग होता. "दर आठवड्याला घासते, दर आठवड्याला येतो," ती कुरकुरली. "कुठे अडकवतोस रे ही?" मास्तर म्हणाले, "असतं एक कडं भिंतीला," आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

बुधवारी सकाळी ते दिव्याच्या खोलीत तालीम करायला गेले. भाचीपुढे अडखळायचं नव्हतं. सवयीने पिशवी कड्याला अडकवली, दोन्ही दारं लोटली, खुर्चीसमोर उभे राहिले आणि समोर वर्ग बसलाय असं धरून बोलायला लागले.

"हे सांधे बघा. हे विजेच्या वेल्डिंगचे आहेत. हे स्क्रू यंत्रावर पाडलेले. ज्या काळातली म्हणून ही खुर्ची दाखवतात, त्या काळात यातलं काहीच नव्हतं." सुरुवात चांगली झाली. आवाज खोलीत घुमला नाही, भिंतींनी गिळला; तेही बरंच वाटलं. "आणि मुळात धर्मन्यायालयाला खिळे चालतच नसत. पाद्र्यांना रक्त सांडायला मनाई होती. लक्षात घ्या, राजाच्या कोर्टात माणसाचे वाट्टेल ते हाल होत. इथे मात्र नियम होते. वैद्य हजर लागे. लेखनिक प्रत्येक शब्द उतरवून घेई. साधनं अगदी साधी. खिळे नाहीत, काटे नाहीत. एक दोरी. हात मागे बांधायचे, दोरी छतातल्या हुकावरून घ्यायची," आणि मास्तरांचा उजवा हात, जो आयुष्यभर फळ्यावरच्या नकाशाकडे जात आला होता, सवयीने वर गेला, "माणसाला वर ओढायचं, आणि दोरीचं दुसरं टोक भिंतीतल्या कड्याला," हात खाली येऊन भिंतीकडे वळला, "बांधून टाकायचं."

बोट पिशवीकडे होतं. पिशवी कड्याला लटकत होती.

मास्तरांचा हात तसाच राहिला. पहिल्यांदा त्यांना राग आला, तो पिशवीचा. मग त्यांनी वर बघितलं. दिवा खोलीच्या मधोमध नव्हता. तो कधीच मधोमध नव्हता. उजेड नीट पडत नाही म्हणून किती जणांनी तक्रार केली होती, आणि जुन्या लोकांना मापाची अक्कल कमी, असं म्हणून मास्तरांनी त्यांना हसवलं होतं. हूक कड्याच्या बरोबर समोर होता. एवढा जाड हूक, की त्याला बैल टांगला तरी वाकला नसता. एका पितळी दिव्यासाठी.

त्यांनी स्टूल ओढलं आणि वर चढले. वय विसरून चढले. हुकाच्या आतल्या कडेला, कड्याच्या बाजूने, एक गुळगुळीत खाच पडली होती. त्यांनी तिच्यात बोट घातलं. बोट बरोबर बसलं.

खाली उतरून ते चर्चचे वकील झाले. दुसरं काही व्हायला त्यांना येतच नव्हतं. धान्याची पोती चढवत असतील. पण कुठे चढवणार, वर माळा नाही. घंटा असेल. बंद खोलीत घंटा कुणासाठी? दिवाच असेल, रोज वरखाली करत असतील. मग एवढी जड दोन दारं कशाला? गारव्यासाठी, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि त्यांना स्वतःच्या आवाजाची किळस आली. शाळेच्या पोरांना, सहलीच्या बायकांना, परदेशी म्हाताऱ्यांना त्यांनी या खोलीत उभं करून सांगितलं होतं की गारवा बघा किती छान. सगळ्यांनी छान म्हटलं होतं. कोपऱ्यात एक दगडी कट्टा होता; त्यावर पूर्वी मेणबत्त्या ठेवत, असं ते सांगायचे. तो कट्टा बसून लिहायला योग्य एवढ्या उंचीचा होता. ज्या नियमांची त्यांनी एवढी वर्षं फुशारकी मारली, ते नियम म्हणजे या खोलीत कोण कुठे बसणार याची व्यवस्था होती. इथे वैद्य. इथे लेखनिक. रक्त सांडायचं नाही, म्हणून दोरी. खांदे निखळतात तेव्हा रक्त येत नाही.

आणि ते इथे डबा अडकवत आले होते.

ते पिशवी काढून बाहेर आले, नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले. गंजाचा वास नखांत राहिला. डबा उघडला तर ब्रेड आणि उकडलेलं अंडं होतं. अंडं मधोमध चिरलेलं, पिवळ्या बलकाभोवती हिरवट कड. अंडं त्यांनी आवारातल्या कुत्र्याला घातलं. कुत्र्याने ते एका घासात खाल्लं आणि आणखी आहे का बघत बसलं.

दुसऱ्या दिवशी ते फादरांकडे गेले. घाईघाईने, वाक्यं अर्धी सोडत, सगळं सांगितलं. फादर आधी उठून ऑफिसचं दार लावून आले. मग बसले, हात जोडले, डोळे मिटले, आणि मास्तरांना क्षणभर वाटलं की आपला विद्यार्थी प्रार्थना करतोय.

"म्हणजे आपल्याकडे खरी जागा आहे," फादर डोळे उघडून म्हणाले.

"हो."

"खुर्ची फक्त महिन्यासाठी आहे. परत जाणार. हे कायमचं आहे." त्यांनी कागद ओढला. "दोरी जाड लागत असेल ना? त्या प्रदर्शनवाल्याकडे मेणाचे पुतळे आहेत. एखादा टांगता येईल. हात मागे, असं ना?" खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन दाखवले.

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. ते गिळून म्हणाले, "फादर, तिथे माणसं टांगली होती. आपल्या लोकांनी. वर क्रूस असेल भिंतीला."

"म्हणूनच म्हणतो, लपवायचं नाही. तुम्हीच शिकवलंत, सत्याला घाबरू नका." फादरांचा चेहरा अगदी निर्मळ होता, हे सगळ्यात वाईट. "एक मिस्सा करू त्यांच्यासाठी. उद्घाटनाच्या दिवशी."

मास्तर उठले. दाराशी त्यांना आठवलं की याला पैकीच्या पैकी आपणच दिले होते.

रविवारपर्यंत त्यांनी मनाशी एक तोड काढली. तोड म्हणण्यासारखी ती नव्हती, पळवाट होती, आणि ते त्यांना माहीत होतं. आज फक्त खुर्ची. खुर्ची खोटी आहे, हे तर खरंच आहे ना. हुकाचं नंतर बघू. आधी बाळाच्या डोक्यावर पाणी पडू दे, मग त्याच्या आईला काय ते सांगता येईल. असं ठरवून त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. घरी बहीण पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. लेक चर्चमधून जेवायला येणार, या दोन गोष्टी एका वाक्यात बोलायला मिळाल्या म्हणून ती शेजारीपाजारी दोनदा सांगून आली होती.

मिस्सेनंतर दिव्याच्या खोलीत दाटी झाली. भाची मागे भिंतीशी उभी होती, बाळ छातीशी झोळीत बांधलेलं. तिने मामाकडे बघून भुवया उडवल्या. लोक खुर्चीभोवती मोबाइल वर धरून कोंडाळं करून होते. एका माणसाने बायकोला खुर्चीच्या बाजूला उभं करून ओरडण्याचा अभिनय करायला सांगितलं. तिने तोंड वासलं, मग दात बरे दिसले नाहीत म्हणून पुन्हा वासलं. मास्तरांना वाटलं, या सगळ्यांच्या अंगावर बादलीभर पाणी फेकावं.

त्याऐवजी ते बोलले, आणि छान बोलले. वेल्डिंग दाखवलं, स्क्रू दाखवले. खिळ्यावरचा रंग नखाने खरवडून बोट वर धरलं. तेव्हा भाचीच मागून म्हणाली, "आणि रक्त वाळल्यावर असं लाल राहत नाही. तपकिरी होतं. मी रोज बघते." लोक हसले. मास्तरांच्या पोटात आनंदाची ऊब पसरली. ती आपल्या बाजूने बोलली होती. किती वर्षांनी.

"मग खरं काय वापरायचे?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. साधा प्रश्न, चांगला प्रश्न. शाळेत असता तर मास्तरांनी शाबासकी दिली असती.

दिवा त्यांच्या डोक्यावर जरा डावीकडे होता. त्यांनी वर बघितलं नाही.

"प्रश्न विचारायचे," मास्तर म्हणाले. "बहुतेक वेळा नुसते प्रश्न."

बाईंनी मान डोलावली. लोक हिरमुसले होते. खोटी म्हटल्यावर मजा गेली. तरी जाता जाता बऱ्याच जणांनी फोटो काढलेच. खोली रिकामी झाली तेव्हा घामाचा आणि मेणाचा वास तेवढा मागे राहिला.

"हरले बाबा," भाची म्हणाली. तिचा चेहरा हलका झाला होता, लहानपणी गणित सुटल्यावर व्हायचा तसा. "मला वाटलं होतं, तू नुसता आवाज चढवशील. पण तू सिद्ध केलंस. मी एवढी वर्षं असले फोटो बघून भांडत होते तुझ्याशी." तिने बाळाच्या टोपीवरून हात फिरवला. "चल. आईला सांगू, कधी करायचं ते ठरव म्हणून. ही तुझी पिशवी ना?"

पिशवी कड्याला होती. बुधवारी हात धुऊन धुऊन निघालेल्या माणसाने रविवारी सकाळी ती पुन्हा तिथेच अडकवली होती; हाताला सवय होती, हाताने मास्तरांना विचारलं नव्हतं. भाचीने बंद ओढला. तो कुठेतरी अडकला, म्हणून तिने कड्यात बोटं घालून तो सोडवायला घेतला. बाळाचा पाय झोळीतून बाहेर आला होता आणि कड्याच्या लोखंडाला टेकत होता.

"हात काढ," मास्तर म्हणाले. "बाळाला मागे घे."

"काय झालं? गंज आहे म्हणून?"

"मागे हो आधी. आणि वर बघ. दिव्याकडे नको. हूक बघ."

ती बघत राहिली. मास्तरांनी सांगितलं. 'पण' न म्हणता सांगितलं. तसं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून वाक्यं लहान झाली. दोरी कुठून जायची. कुठे बांधायची. कोण कुठे बसायचं. मघाशी त्या बाईंना जे सांगितलं ते खोटं होतं, हेही सांगितलं. फादरांच्या मेणाच्या पुतळ्याचंही सांगितलं.

भाची मान वर करूनच होती. मग तिने दारांकडे बघितलं, एकाकडे, त्याच्यामागच्या दुसऱ्याकडे. "आवाज जाऊ नये म्हणून," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. लहानपणी याच दारांत तिला उभं करून मामाने गारव्याचं सांगितलं होतं. तिच्या ओठांचे कोपरे खाली ओढले गेले. बाळाचा पाय तिने ओढणीने पुसला, टाचेपासून बोटांपर्यंत, मग झोळी घट्ट धरून ती दोन्ही दारांतून बाहेर गेली.

मास्तर मागोमाग गेले. ती कमानीखाली, बाकांच्या मधोमध उभी होती.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी मी तिथे डबा अडकवायचो."

तिने तोंड फिरवलं. दूर कुठेतरी छतातून बादलीत पाणी ठिबकत होतं. "तू मला जिंकायला बोलावलं होतंस, मामा."

"हो."

"आणि जिंकला होतास."

"हो."

"अजून पाच मिनिटं गप्प बसला असतास तर झालं होतं. मग कशाला सांगितलंस?"

मास्तरांना सत्य, इतिहास, चर्च, हे सगळे शब्द आठवले आणि सगळ्यांना त्या नखातल्या गंजाचा वास आला. "बाळाचा पाय लागला त्या कड्याला," ते म्हणाले. "मला बघवलं नाही."

तिने बाळाची टोपी सारखी केली. मग म्हणाली, "बाप्तिस्म्याचं माझ्याकडून आता काही ऐकायची वाट बघू नकोस. आज नाही, आणि बहुतेक नंतरही नाही. रागाने नाही म्हणत. मला मळमळतंय नुसतं."

"मलाही," मास्तर म्हणाले.

"पुढच्या रविवारी काय सांगणार लोकांना?"

"हेच. फादर पुतळा टांगायच्या आत. मग मला उभं राहू देतील न देतील."

"मग मी येईन ऐकायला," ती म्हणाली. "बाळाला आईकडे ठेवून."

मास्तर परत आत गेले, पिशवी कड्यातून सोडवली आणि कुशीत धरून घरी आणली. बंद खांद्याला लावला नाही. घरी टेबल मांडलेलं होतं, ताटं पुसून ठेवलेली, बाळासाठी धुतलेली दुपटी. बहिणीने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारायचं ते विचारलं नाही. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने भावाच्या हातातून पिशवी घेतली.

"बघ, पुन्हा आला हा डाग," ती म्हणाली, आणि पिशवीचा बंद नळाखाली धरून अंगठ्याने चोळायला लागली. "कसलं कडं आहे रे ते, एवढं गंजतं?"

भाचीने झोळीतल्या बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि मामाकडे बघितलं.

"ताई, बस जरा," मास्तर म्हणाले. "आणि तो बंद आधी खाली ठेव."